बारा फुटांच्या पाण्यात

मी ज्या दांडीला घट्ट धरून उभी होते, तीच दांडी आणखी कुणीतरी धरली आहे, हे मला पाचेक मिनिटांनी कळलं.

तोवर मी डोळे मिटूनच होते. मार्चमधली सकाळ, सहा वाजून दहा मिनिटं, चिखलीच्या जलतरण तलावाची उथळ बाजू. पाणी कमरेच्या जरासं वर... आणि तरी वाटत होतं, हात सुटला की आपण थेट पाताळात. डोळे उघडले तर हातभर अंतरावर एक उंचापुरा माणूस. तोही तसाच, पाठ भिंतीला, दोन्ही हात मागे दांडीवर, आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा.

आमची नजरानजर झाली.

“मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “तुम्ही सोडा आधी. मंग मी सोडतो.”

“मी काऊन आधी?”

“तुम्ही माझ्या पाच मिनिटं आधी उतरल्या. सिनिअर आहात.”

मला हसू आलं. मला हसताना पाहून तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या नाकात पाणी गेलं. मग बराच वेळ तो खोकत होता आणि मी एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर थाप मारावी की नाही, याचा विचार करत होते. मारली नाही. पण एक हात सुटला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी तिथे का होते ते सांगते. मी समता, कृषी सहायक. उंद्रीच्या बाजूची चार गावं माझ्याकडे. शेतकऱ्यानं शेततळं खणलं की त्याचं माप घ्यायला मला जावं लागतं. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. तो ओला झाला की त्यावर मुंगीचाही पाय ठरत नाही. जानेवारीत टेप धरून काठानं चालताना मी घसरले आणि छातीपर्यंत आत गेले. कडेला बांधलेली दोरी हाती लागली म्हणून वाचले. शेतकऱ्यानं बाहेर ओढलं, चहा पाजला, आणि पोहता येत नाही तर एवढ्या काठानं काऊन चालता, असंही विचारलं. महिनाभरानं तलावावर जाऊन नाव नोंदवलं. तेव्हा माझं वय तेहेतीस.

खरं तर नाव घातलं होतं बायकांच्या बॅचमध्ये. तिथे आम्ही तिघीच. एक दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही, दुसरीला सर्दी झाली ती कायमची झाली. मग आमच्या कोच पुष्पांजली मॅडमनी मला सरळ प्रौढांच्या बॅचमध्ये टाकलं.

पुष्पांजली मॅडम पंचावन्नच्या पुढच्या. राखाडी ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात दहा फुटांचा बांबू. लहानपणी त्या माहेरच्या विहिरीत, कमरेला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकल्या, मग विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत गेल्या, मग तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. आता निवृत्तीनंतर मोठ्या माणसांना शिकवायचं त्यांच्या मनात होतं. लहान लेकरं दोन दिवसांत शिकतात, त्यात काय मजा, असं त्या म्हणायच्या. मोठा माणूस घरून भीती बांधून आणतो, ती सोडायला लावायची म्हणजे काम.

बॅचमध्ये आम्ही तिघं उरलो. मी, तो दांडीवाला, आणि शेषरावकाका. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, गुडघ्यांसाठी आलेले. ते पहिल्याच दिवशी पोटाच्या जोरावर तरंगले आणि पुढे कधीच काही वेगळं शिकले नाहीत.

दांडीवाल्याचं नाव प्रसेनजित. मूळचा दुसरबीडचा, वीज कंपनीत लाइनमन, नेमणूक उंद्रीला. दोन बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलेलं. चाळीस फुटी खांबावर तो विडी पेटवावी इतक्या सहज चढतो, हे मी पुढे पाहिलं. पण पाणी पाहिलं की तो दोन पावलं मागे सरायचा. मागच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडची तार तुटली. बरोबरचे दोघं दोर घेऊन पोहत गेले आणि हा काठावर उभा राहिला. कुणी काही बोललं नाही. तेच त्याला लागलं.

“नोकरीत लागल्या दिवसापासून एकच शिकवलं,” तो म्हणाला, “पाण्यापासून दूर राहा. अन आता ह्या मॅडम म्हणतात, पाण्यात तोंड घाल.”

“घाला मग.”

“तुम्ही घाला. मी पाह्यतो कसं घालतात ते.”

तोंड घालणं, पाण्यात श्वास सोडून बुडबुडे काढणं, फोमची फळी धरून पाय मारणं, असं करत दहा-बारा दिवस गेले. रबरी टोपी घातली की आम्ही तिघंही भरताच्या वांग्यासारखे दिसायचो. मी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख घ्यायचा म्हणत होते, पण मापाचा मिळाला तो अर्ध्या बाह्यांचा. तो घालून पहिल्यांदा आले त्या दिवशी मी टॉवेल खांद्यावरून काढायलाच तयार नव्हते. प्रसेनजितनं तेव्हा मुद्दाम पाठ करून, भिंतीवरची नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मोठ्यानं. तिसऱ्या नियमाला मी पाण्यात उतरले होते.

मग आला तरंगण्याचा दिवस.

मॅडमनी जोडी लावली. एकानं पाठीवर पडायचं, दुसऱ्यानं त्याच्या डोक्याखाली तळहात ठेवायचा, बस. काका आपले आपण तरंगत असल्यामुळे जोडी उरली आमचीच. मी उभी होते, तो समोर उभा होता, आणि दोघांनाही एकदम पाणी फार थंड वाटायला लागलं.

“हात ठेवू का?” त्यानं विचारलं.

मी मान हलवली आणि मागे रेलले. त्याचा तळहात खरबरीत होता, तारांनी, पान्यांनी घट्टे पडलेला. पण तो माझ्या डोक्याखाली असा होता की आहे की नाही कळू नये. कान पाण्याखाली गेले. शिट्टी, काकांचं बोलणं, रस्त्यावरची मोटार, सगळं बंद झालं. वर आभाळ, त्यात एक बगळा सावकाश चाललेला... आणि कडेला त्याचा चेहरा. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तोही बगळ्याकडे पाहत होता, इतकं लक्ष देऊन, की मला कळलं, हा माझ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करतोय.

त्यानंतर रोज, प्रत्येक वेळी, तो विचारायचा. हात ठेवू का? मॅडम वैतागायच्या. दर खेपेला काय विचारायचं, मिनिटं जातात, म्हणायच्या. तो हो म्हणायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचा.

पोहून झालं की फाटकाबाहेर चहा. काकांचा एक, आमचे दोन. तिथं प्रसेनजित मला बातम्या पुरवायचा. उद्या तुमच्या गल्लीत नऊ ते अकरा लाइट नाही, दळण आजच करून घ्या. परवा पाणी आधी भरून ठेवा, मोटार चालणार नाही. मी त्याच्या आईच्या अंगणातल्या लिंबाला फळ का धरत नाही ते सांगायची. कुणाला हे प्रेमाचं बोलणं वाटणार नाही. पण मला रोज रात्री झोपताना उद्याच्या लाइटची काळजी वाटायला लागली होती, आणि लाइट गेली की हसू यायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला, काका लवकर निघून गेले त्या दिवशी, मी त्याला माझं सांगितलं. तो विचारत नव्हता. मलाच वाटलं, आता सांगायला हवं. पंचविसाव्या वर्षी माझं लग्न झालं होतं, जालन्याला. चौदा महिने. तो माणूस हात उचलायचा. बाहेर कुणाला दिसू नये म्हणून दंडाला धरायचा, असा दाबायचा की आठ दिवस बाह्या लांब घालाव्या लागायच्या. एकदा माझी आई न सांगता आली, माझे हात पाहिले, आणि त्याच दुपारच्या एसटीनं मला घेऊन परतली. सात वर्षं झाली फारकतीचे कागद होऊन. आता मी आणि आई, चिखलीत दोन खोल्यांत.

प्रसेनजितनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलं.” एवढंच. पण गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला, आणि मी निघाल्यावरही तिथेच उभा होता, आरशात दिसत होता.

पुढच्या आठवड्यात बाबासाहेबांची जयंती. मिरवणुकीच्या रस्त्यावर एक दिवाही जाऊ नये म्हणून तो तीन दिवस खांबांवरच होता, तलावावर आला नाही. त्या तीन दिवसांत मी हात-पाय-श्वास सगळं जुळवून पंचवीस मीटर आडवी गेले. मॅडमनी बांबू आपटून शाबासकी दिली. मला वाटलं, हे त्याला दाखवायचं राहिलं.

तो परत आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता बारा फुटी बाजू. भिंतीला लागून जायचं, पुढे समता, मागे प्रसेनजित, दमलं की दांडी धरायची. मी निघाले. अर्ध्यात असताना मागे पाणी वेगळंच वाजलं. वळून पाहिलं, तर त्याची दांडी चुकली होती. हात हवेत मारत होता, तोंड उघडं, डोळे मोठे. मी विचार केला नाही, त्याच्याकडे गेले. तीच चूक झाली. त्यानं मला धरलं. दंडाला, जीव खाऊन. आम्ही दोघं खाली गेलो.

खाली हिरवं होतं सगळं. मला त्याची बोटं हाडापर्यंत कळत होती.

मॅडमचा बांबू आमच्या मध्ये घुसला, मग मॅडम स्वतः आल्या, ट्रॅकसूटसकट. त्यांनी त्याचे हात कसे सोडवले मला कळलं नाही. फरशीवर आलो तेव्हा तो पालथा पडून पाणी ओकत होता. दम परत आल्याबरोबर त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा माझा दंड पाहिला. चार बोटं आणि अंगठा, लालभडक उमटलेले. त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, त्याला माझी जालन्याची गोष्ट आठवली.

मी काही नाही, काही नाही, म्हणत होते. तो उठला, कपडे घेतले आणि चहा न घेताच गेला. दुपारी फोनवर एक ओळ आली. हाताला मलम लावा. त्यानंतर मी लिहिलं त्याला उत्तर नाही.

घरी मी दिवसभर पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून होते. पण संध्याकाळी कणीक मळताना बाही वर सरकली. आई शेजारी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. लाल बोटं तोवर निळी झाली होती.

“कोण?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. पाण्यात एक जण बुडत होता, घाबरला, मला धरलं, त्याची काही चूक नाही.

“मागच्या खेपेले तू न्हाणीत पडली म्हणे,” आई म्हणाली.

माझी आई जनकाबाई, बीबी गावची. ती ओरडत नाही. ती उठली, माझी पोहण्याची पिशवी घेतली, आतल्या लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीवर पाण्याचा हंडा ठेवला. मी तेहेतीस वर्षांची, कमावती. हंडा उचलून पिशवी घेणं काही अवघड नव्हतं. पण तिच्यासमोर माझा हात उठेना. त्या दिवशी जालन्याहून एसटीत तिनं सगळा रस्ता माझा तोच दंड कुरवाळला होता.

चार दिवसांनी पुष्पांजली मॅडमचा फोन आला.

“तू नाई, तो नाई. शेषराव एकटा तरंगून राह्यला तळ्यात. मी काय त्याले पाहू?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “चूक माझी झाली, समता. सुटायचं कसं ते तुले शिकवायच्या आधी मी तुमाले खोलात पाठवलं. ये तू. त्याले घेऊन ये.”

मी बघते म्हणाले.

त्याच रात्री गारपीट झाली. सकाळी तलाठ्यांबरोबर मी पंचनाम्याला निघाले. उंद्रीच्या शिवारात कांद्याच्या बियाण्याचे गोंडे चिखलात लोळत होते, झाडं आडवी, तारा जमिनीवर. तिसरं शेत संपवून रस्त्यावर आले, तर समोरच्या खांबावर कमरेला पट्टा बांधून कुणीतरी काम करत होतं. पाठीवरूनच ओळखलं. मी तलाठ्यांना पुढे जायला सांगितलं.

खाली उभी राहून मी त्याला हाक मारली. त्यानं खाली पाहिलं, आणि हातातला पाना सुटता सुटता राहिला.

“खाली या,” मी म्हणाले.

“काम चालू आहे, मॅडम. गावात कालपासून लाइट नाही.”

“मग मी थांबते.”

“ऊन लागन तुम्हाले.”

“लागू दे.”

तो काम करत राहिला. पंधरा-वीस मिनिटं असतील. मी बांधावर बसले. मधेच वरून आवाज आला, “हात कसा आहे?”

“पिवळा पडत चाललाय.”

मग तो उतरला, हातमोजे काढले, माझ्यापासून चार हात लांब बसला. पाण्याची बाटली पुढे केली ती पण जमिनीवर ठेवून.

“मले माहीत होतं तुमच्यासंग काय झालं ते,” तो म्हणाला. “तुम्ही स्वतः सांगितलं होतं. अन तरी मी तिथंच धरलं. मले कळलंच नाही मॅडम, की मी कोणाले धरून राह्यलो. म्हणजे माझ्याही हातात ते आहे...”

तो स्वतःच्या तळहातांकडे पाहत होता. मी जे होतं तेच सांगितलं.

“प्रसेनजित, जालन्याच्या त्या माणसानं चौदा महिन्यांत एकदाही माझ्या दंडाकडे पाहिलं नाही. एकदाही. तुम्ही बाहेर आलात, तुम्हाला नीट श्वास येत नव्हता, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तेच पाहिलंत. मला फरक कळतो हो. मी एवढी वेडी नाही.”

त्यानं डोळे पुसले, बाहीनं, घाम पुसल्यासारखे. मीही दुसरीकडे पाहिलं.

मग मी त्याला आईचं सांगितलं, पेटी आणि हंड्यासकट. मला वाटलं तो म्हणेल, मग राहू द्या पोहणं. तो म्हणाला, रविवारी आई घरी असते का.

रविवारी अकरा वाजता तो आला. पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून बसवलेले. आईनं दार उघडलं. त्यानं जयभीम घातला, चप्पल काढली, आत येऊन बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले. आईनं खुर्ची दाखवली, पण तो बसला नाही.

“माय,” तो म्हणाला, “समताताईंच्या हातावर जी बोटं उमटली, ती माझी. मी बुडत होतो, हे खरं. पण बोटं माझीच. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगावं, म्हणून आलो.”

ताई. मी आतल्या दारात उभी होते, मला इतक्या गंभीर वेळेलाही हसू आलं. माझ्या आईसमोर त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याला हात पुढे करायला सांगितले. त्यानं केले. तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले, मंडईत वांगी पाहते तसे. मग एक एक विचारलं. दारू? नाही. राग? येतो, पण बोलून दाखवतो, नाहीतर खांबावर जाऊन बसतो. घरी कोण? आई. पाण्याचं एवढं भेव वाटते तं काऊन जाता? त्यानं नाल्याचं सांगितलं. आईनं मान हलवली.

“अन इथं एवढंच सांगाले आला?”

“नाही. मले तुमची पोरगी आवडते. पण ते त्यांनासुद्धा नाही सांगितलं अजून. आधी हे सांगायचं होतं.”

माझ्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. आईनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग त्याला म्हणाली, चहा घ्या. चहा झाल्यावर ती आत गेली, हंडा उतरवला, पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. उद्या मीही येते, म्हणाली. मले पाह्यचं आहे.

दुसऱ्या दिवशी सहाला आई तलावाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पदर डोक्यावरून, पायात मोजे. पुष्पांजली मॅडमनी तिला जागा दिली आणि आम्हा दोघांना बारा फुटी बाजूला बोलावलं. काकांना उथळ बाजूला तरंगत राहायला सांगितलं.

“आज सुटायचं शिकायचं,” मॅडम म्हणाल्या. “समता, बुडता माणूस तुले धरते तेव्हा त्याले वर यायचं असते. तू खाली जा. तो तुझ्यामागं खाली येत नाही. अन दंड धरला असंन तं त्याच्या अंगठ्याकडून झटका दे. तिकडं पकड कच्ची राह्यते. प्रसेनजित, धर तिले.”

तो दांडीला एका हातानं लटकलेला. हलला नाही.

“धर म्हणलं ना.”

“मॅडम, आई बसल्या आहेत...”

“त्याच्यासाठीच तं बसवलं त्याहिले.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “धरू का?”

“धरा. नीट धरा,” मी म्हणाले. “खोटं खोटं नको.”

त्यानं धरलं. तोच दंड. क्षणभर माझं सगळं अंग गोठलं, आणि मी कुठे आहे, चिखलीत की जालन्यात, कळेना. मग मॅडमची शिट्टी वाजली. मी श्वास घेतला, हनुवटी आत घेतली आणि खाली गेले. अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून झटका दिला... आणि मोकळी झाले. वर आले तेव्हा मी त्याच्यापासून सहा फूट लांब होते, माझी मी पाय मारत.

काठावर आई खुर्चीतून अर्धी उठली होती.

“अजून एक डाव,” ती म्हणाली.

आम्ही पुन्हा केलं. डावा दंड, उजवा दंड, मग गळा, मग मागून. दर वेळी तो विचारायचा, मी हो म्हणायची, तो पूर्ण जोरानं धरायचा, मी खाली जायची आणि सुटून वर यायची. कितीदा ते मोजलं नाही. आई दर वेळी अजून एक डाव म्हणत होती, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा कमी कापत होता. एकदा मी वर आले तर ती रडत होती. पुढच्या वेळी आले तर मॅडमना विचारत होती, हे असं बायांना सगळ्यांना शिकवता येते काय.

शेवटी ती उठून काठाशी आली, वाकून प्रसेनजितला म्हणाली, “तुमच्या आईले म्हणा, येत्या ऐतवारी या. बोलू.” आणि मोजे ओले झाले म्हणून कुरकुरत परत खुर्चीकडे गेली.

आम्ही दोघं दांडी धरून. मधे हातभर पाणी. त्याच्या टोपीतून थेंब भुवईवर येत होते आणि तो ते पुसत नव्हता.

“मी तुम्हाले अजून विचारलंच नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांले सांगून झालं, तुम्हालेच राह्यलं.”

“ताईला विचारणार कसं?”

तो लाजला. इतका उंचापुरा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

“समता,” तो म्हणाला. पहिल्यांदाच, नुसतं नाव. “मले पोहता येत नाही नीट. भेव अजून गेलं नाही. पगार तुझ्याएवढाच आहे. पण... राहशील का माझ्यासंग? आयुष्यभर?”

मी दिवसभर सभांमध्ये, अर्जांमध्ये, फोनवर ऑफिसची मराठी बोलणारी बाई. त्या वेळी तोंडातून माझ्या आईची भाषा निघाली.

“हाव,” मी म्हणाले. “राहीन ना.”

तो हसला, आणि त्याच्या नाकात पुन्हा पाणी गेलं. या वेळी मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पलीकडून मॅडमनी बांबू फरशीवर आपटला. गप्पा बाहेर करा, दोन फेऱ्या बाकी आहेत, म्हणाल्या. आम्ही निघालो. तो भिंतीच्या बाजूनं, दांडीवर एक डोळा ठेवून, आणि मी आतून, खोल पाण्याच्या बाजूनं, त्याच्या वेगानं.